नाव, स्थान आणि आशय : आभासी सर्व्हरांच्या साठवणव्यवस्थेचा एक विचार

१

संगणकाच्या इतिहासासंबंधी लिहिण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला कितपत पोहोचतो, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान प्रथमच करावयास हवे. आज बँका, व्यापारी पेढ्या, कारखाने आणि विद्यापीठेही आपले व्यवहार ज्या सर्व्हरांवर चालवितात ते बहुधा ‘आभासी’ असतात. म्हणजे एका प्रत्यक्ष यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रे नांदत असल्याप्रमाणे व्यवस्था केलेली असते. या यंत्रांची विदा कोणत्या डिस्कवर ठेवावी, ती केव्हा हलवावी, तिच्या कोणत्या भागाला वेगवान साधन द्यावे, हे निर्णय पूर्वी माणसे घेत असत. आता ते बव्हंशी यंत्रणाच घेते. या स्थित्यंतराचा इतिहास तंत्रज्ञांनी आपापल्या परीने सांगितला आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न भाषाशास्त्राच्या चांगलाच ओळखीचा आहे. वस्तूचे नाव, वस्तूचे स्थान आणि वस्तूचा आशय यांचा परस्परसंबंध काय, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : साठवणीच्या स्वयंचलनाचा इतिहास म्हणजे नाव हे स्थानापासून क्रमाक्रमाने सुटत गेल्याचा इतिहास होय. प्रत्येक पायरीवर स्थानाची चिंता यंत्राने आपल्या शिरावर घेतली. परंतु त्याबरोबर आशयाची चिंताही त्याने घेतली असा जो समज रूढ झाला, तो मात्र निराधार आहे.

प्रारंभी ‘आभासी’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. इंग्रजीतील मूळ शब्द लॅटिन ‘विर्टूस’ म्हणजे सामर्थ्य, गुण, या शब्दापासून आलेला आहे. जे रूपाने नसले तरी परिणामाने असते, ते त्या शब्दाने दर्शविले जाते. पुढे प्रकाशशास्त्रात हाच शब्द आरशातील प्रतिमेला लावण्यात आला. आणि मराठीत आपण त्याचा ‘आभासी प्रतिमा’ असा अनुवाद केला. तोच अनुवाद नंतर संगणकाच्या क्षेत्रात आला. वस्तुतः आरशातील प्रतिमा पडद्यावर धरता येत नाही. उलट आभासी यंत्रावर तयार झालेले वेतनपत्रक खरेच असते व त्याप्रमाणे वेतनही मिळते. तेव्हा मूळ शब्दातील ‘सामर्थ्य’ आपल्या शब्दातून गळाले आणि ‘भ्रम’ तेवढा उरला, असे म्हणावे लागते. शब्द आता रूढ झाला आहे, म्हणून येथे तोच वापरला आहे. परंतु तो सर्वस्वी अयोग्य आहे काय, हा प्रश्न लेखाच्या अखेरीस पुन्हा विचारावयाचा आहे.

२

१९५० च्या दशकातील संगणकांत दोन प्रकारची साठवण असे. एक लहान, वेगवान आणि महाग. दुसरी मोठी, मंद आणि त्या मानाने स्वस्त. पहिली चुंबकीय कड्यांची, दुसरी फिरत्या चुंबकीय ड्रमची. आज्ञावली लिहिणाऱ्याला आपल्या गणिताबरोबर आणखी एक गणित करावे लागे : कोणता मजकूर कोणत्या क्षणी ड्रमवरून कड्यांच्या स्मृतीत आणावयाचा, आणि त्यासाठी तेथील कोणता मजकूर परत धाडावयाचा. हे काम अतिशय किचकट होते आणि पुष्कळ चुका त्यातूनच उद्भवत.

मँचेस्टर विद्यापीठ व फेरांटी कंपनी यांनी मिळून बनविलेल्या अ‍ॅटलास संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झाले. टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात या यंत्रातील ‘एकपातळी साठवणी’ची कल्पना मांडली आहे. मँचेस्टरच्या यंत्रात कड्यांची स्मृती सुमारे १६ हजार शब्दांची, तर ड्रमची ९६ हजार शब्दांची होती. सगळी साठवण ५१२ शब्दांच्या ‘पृष्ठां’त विभागलेली होती. आज्ञावली लिहिणाऱ्याने फक्त पत्ता द्यावयाचा. तो पत्ता म्हणजे आता प्रत्यक्ष जागा नसून केवळ नाव होते. ते पृष्ठ कड्यांत आहे की ड्रमवर, याचा शोध यंत्र घेई; ड्रमवर असल्यास ते आणी; आणि जागा करण्यासाठी कोणते पृष्ठ बाहेर काढावे हे एक ‘शिकणारी’ आज्ञावली पूर्वीच्या वापरावरून ठरवी.

येथेच नाव आणि स्थान यांची पहिली फारकत झाली. सोस्यूर याने शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असल्याचे सांगितले. किलबर्न प्रभृतींनी पत्ता आणि जागा यांचा संबंध यादृच्छिक करून दाखविला, असे म्हणावयास हरकत नाही.

पण कोणते पृष्ठ काढावे, या प्रश्नाला निर्दोष उत्तर नाही, हेही लवकरच स्पष्ट झाले. आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखविले की, ज्याची गरज भविष्यकाळात सर्वांत उशिरा लागणार असेल ते पृष्ठ काढणे हाच सर्वोत्तम मार्ग होय. मात्र भविष्यकाळ यंत्राला ठाऊक नसतो. म्हणून व्यवहारातील सगळ्या पद्धती भूतकाळावरून तर्क करतात. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी या तर्काची मर्यादा दाखविली : स्मृतीपेक्षा मागणी वाढली की यंत्र पृष्ठांची नेआण करण्यातच गुंतून पडते आणि प्रत्यक्ष काम जवळजवळ थांबते. यंत्र अखंड राबत आहे आणि कार्य मात्र काहीच होत नाही, अशी ही अवस्था होय. हे दोन निष्कर्ष पुढील सगळ्या इतिहासाला लागू पडतात, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदविले आहेत.

३

आभासी स्मृतीपासून आभासी यंत्रापर्यंतची मजल अमेरिकेतील केंब्रिज येथे मारली गेली. तेथील आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो व त्यांचे सहकारी यांनी सीपी-४० ही प्रणाली तयार केली. ती जानेवारी १९६७ मध्ये कामास लागली. तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याचे असल्याचा अनुभव येई. सीपी-६७ ही तिची पुढची आवृत्ती. आणि १९७२ मध्ये कंपनीने व्हीएम/३७० या नावाने हीच कल्पना आपल्या सर्वसाधारण ग्राहकांपुढे ठेवली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रणालीतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘मिनिडिस्क’ होय. एका प्रत्यक्ष डिस्कचे तुकडे करून प्रत्येक आभासी यंत्राला एकेक तुकडा दिला जाई. त्या यंत्राच्या लेखी मात्र तो तुकडा म्हणजे शून्यापासून मोजली जाणारी एक अखंड लहान डिस्कच असे. वाड्याची वाटणी झाल्यावर प्रत्येक भावाने आपल्या खोल्यांना पहिल्यापासून क्रमांक द्यावेत, तसाच हा प्रकार होता. मात्र तुकडे कोठे व केवढे पाडावयाचे, हे अजून माणूसच ठरवीत असे.

स्थानाच्या जोखडातून सुटण्याचा पुढचा प्रयत्न १९७४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम ३८५० या प्रचंड साठवणयंत्रात दिसतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत चुंबकीय फितीची लहान नळकांडी ठेवलेली असत. प्रत्येकात सुमारे ५ कोटी अक्षरे मावत. मागणी येताच यांत्रिक हात नळकांडे काढी आणि त्यातील मजकूर डिस्कवर उतरवी. मागणी करणाऱ्या संगणकाला नळकांडी दिसतच नसत. त्याला केवळ डिस्क दिसे. जी गोष्ट अ‍ॅटलासने कड्या आणि ड्रम यांच्याबाबतीत केली, तीच येथे डिस्क आणि फीत यांच्याबाबतीत झाली.

तथापि माझ्या मते खरे भाषिक वळण त्यानंतर, १९८० च्या दशकात आले. तोपर्यंत आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर काम सोपविताना विदेसाठी कोणत्या प्रकारचे साधन हवे, कोणत्या क्रमांकाची डिस्क हवी, तिच्यावर किती जागा हवी, हे सगळे लिहून द्यावे लागे. दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘प्रणालीनियंत्रित साठवणी’त हे तपशील गळाले. त्यांच्या जागी वर्ग आले : विदेचे स्वरूप सांगणारा एक, तिला कशी सेवा हवी हे सांगणारा दुसरा, आणि ती किती काळ व कशी राखावयाची हे सांगणारा तिसरा. वर्ग पाहून जागा ठरविण्याचे काम प्रणालीचे. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ‘अमक्या डिस्कवर’ हे अधिकरण जाऊन तेथे ‘तातडीचे’, ‘जपून ठेवण्याजोगे’ अशी विशेषणे आली. हा बदल वाटतो तितका लहान नाही. अधिकरण चुकले तर यंत्र तत्काळ तक्रार करते. विशेषण चुकले तर ते निमूटपणे मान्य करते.

४

१९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांची रांग वापरावी, आणि एखादी बिघडली तरी विदा शाबूत राहील इतकी अधिकची नोंद जवळ ठेवावी, अशी सूचना केली. ‘रेड’ या त्यांच्या संक्षेपातील एका अक्षराने प्रारंभी ‘स्वस्त’ हा अर्थ दर्शविला जाई. पुढे तेच अक्षर ‘स्वतंत्र’ या अर्थी वाचण्याचा प्रघात पडला. अर्थांतराच्या अभ्यासकाने जपून ठेवावा असा हा दाखला आहे.

रेडच्या अनेक पद्धती असून त्यांपैकी कोणती निवडावी हे ठरविणे कठीण असे. १९९५ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील जॉन विल्क्स व सहकारी यांनी ‘ऑटोरेड’ची मांडणी केली. तिच्यात वारंवार लिहिली जाणारी विदा दुहेरी प्रतींत ठेवली जाई. निजलेली विदा कमी जागा घेणाऱ्या पद्धतीत आपोआप हलविली जाई. आणि पुन्हा वापरात आली की ती परत येई. निर्णयाचा निकष एकच : वापराची वारंवारता.

याच सुमारास आभासी यंत्राच्या कल्पनेने पुन्हा उचल खाल्ली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने साध्या इंटेल यंत्रांवर ती शक्य करून दाखविली, आणि २००१ मध्ये सर्व्हरांसाठी ईएसएक्स ही प्रणाली बाजारात आणली. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन या प्रणालीचा निबंध प्रसिद्ध झाला; २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. या काळात मिनिडिस्कचे रूप पालटले. आभासी यंत्राची संपूर्ण डिस्क ही आता सामायिक साठवणीवरील एक फाइल झाली. फाइल म्हटली की तिची नक्कल करता येते, ती वाढविता येते, आणि अर्थातच हलविताही येते.

हलविण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. २००३ मध्ये चालू असलेले आभासी यंत्र एका प्रत्यक्ष सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय झाली. त्यात डिस्क जागीच राहत असे. २००७ च्या अखेरीस डिस्कही यंत्र चालू असतानाच एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात नेता येऊ लागली. नक्कल चालू असता मूळ प्रतीत जे नवे लेखन होईल त्याचे काय, ही त्यातील मुख्य अडचण. २०११ च्या आवृत्तीत असे लेखन दोन्ही प्रतींवर एकदमच करण्याची योजना आली. त्याच आवृत्तीत अनेक साठ्यांचा एक समूह करून त्यांतील वाटपाचे काम प्रणालीकडे सोपविण्याची सोय झाली. मूळ ठरावाप्रमाणे एखादा साठा ८० टक्क्यांहून अधिक भरला, किंवा वाचन-लेखनाला लागणारा विलंब १५ मिलिसेकंदांपलीकडे गेला, की समतोल बिघडला असे समजावयाचे. विलंबाची तपासणी दर ८ तासांनी व्हावयाची. व्यवस्थापकाला दोन मार्ग खुले होते : यंत्रणेने केवळ सूचना करावी, अथवा तिने स्वतःच हालवाहालव करावी. दुसरा मार्ग पत्करला की आपली विदा या क्षणी नेमकी कोठे आहे हे सांगणारा माणूस त्या कचेरीत उरत नाही. आणि सामान्यतः त्यावाचून काही अडतही नाही.

५

अडते ते दोन ठिकाणी. त्यांतील पहिले ठिकाण म्हणजे ‘थिन प्रोव्हिजनिंग’, म्हणजेच विरळ वाटप. समजा, १० आभासी यंत्रांना प्रत्येकी १०० गिगाबाइट जागा लागेल असे सांगण्यात आले. अनुभव असा की यांपैकी पुष्कळशी जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते. तेव्हा प्रत्येकाला १०० गिगाबाइट ‘दिले’ असे सांगावयाचे, प्रत्यक्षात मात्र ६०० च ठेवावयाचे, आणि लेखन होईल तसतशी जागा पुरवावयाची. ही पद्धत २००० नंतर साठवणयंत्रांत प्रचलित झाली, आणि २००९ मध्ये आभासी सर्व्हरांच्या प्रणालीतही सहज उपलब्ध झाली. पेढीवर सगळ्या हुंड्या एकाच दिवशी वटवावयास येत नाहीत, या विश्वासावर जसा सावकारीचा व्यवहार चालतो, तसाच हा प्रकार आहे. तो काटकसरीचा आहे, आणि लक्ष ठेवल्यास सुरक्षितही आहे. पण साठा खरोखरच भरला की नवीन जागा मागणारी यंत्रे जागच्या जागी थबकतात. आणि आपली डिस्क अर्धी रिकामी आहे, असेच त्या प्रत्येक यंत्राला तोपर्यंत दिसत असते.

दुसरी अडचण पुसण्याची. आभासी यंत्रात एखादी फाइल पुसली म्हणजे बहुधा तिची नोंद तेवढी खोडली जाते. ज्या खंडांवर तिचा मजकूर होता ते खंड तसेच राहतात. खालच्या साठवणयंत्राला नोंदवही समजत नाही, केवळ खंड समजतात. त्यामुळे काही पुसले गेले याचा त्याला पत्ताच नसतो. याकरिता ‘हे खंड आता नकोत’ असे सांगणारी एक नवी आज्ञा साठवणीच्या प्रमाणभाषेत घालावी लागली. २०११ मध्ये व्हीएमवेअरने ती आपोआप देण्याची व्यवस्था केली; परंतु काही साठवणयंत्रांची गती त्यामुळे मंदावल्याने ती मागे घेऊन हे काम पुन्हा माणसाच्या हाती द्यावे लागले. स्वयंचलित स्वरूपात ती परतली ती २०१६ च्या आवृत्तीत.

या अडचणीला संशोधकांनी दिलेले नाव आपल्या शास्त्रातूनच उचललेले आहे. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे पीटर चेन आणि ब्रायन नोबल यांनी आभासी यंत्राच्या खालच्या थरापासून वरच्या थराचा अर्थ झाकलेला असतो, या गोष्टीला ‘अर्थविषयक दरी’ असे म्हटले. २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी उलट प्रयत्न केला : खंडांची येजा पाहून वरची फाइलव्यवस्था काय करीत आहे याचे अनुमान डिस्कनेच करावे. अपरिचित भाषा बोलणाऱ्यांच्या गावी गेलेला भाषाभ्यासक ज्या रीतीने केवळ वारंवारता आणि क्रम यांवरून व्याकरण उकलू पाहतो, त्याच रीतीचे हे कार्य होते. त्यांना लक्षणीय यश मिळाले. मात्र ते व्याकरणाच्या उकलीचे यश होते. गावकरी कशाविषयी बोलत होते, हे त्या मार्गाने कळत नाही.

६

येथे एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. एका संस्थेत बोलींची ध्वनिमुद्रणे आभासी सर्व्हरावर ठेवलेली होती. साठवणीचे धोरण असे की, काही वर्षे न उघडलेल्या फाइली आपोआप मंद साधनावर जाव्यात. आणि आणखी काही काळ कोणी न विचारल्यास ‘काढून टाकण्यायोग्य’ अशा यादीत याव्यात. ती यादी एकदा माझ्या पाहण्यात आली. तीत केवळ क्रमांक, आकार आणि शेवटच्या वापराची तारीख होती. त्यांपैकी एका क्रमांकामागे एका वृद्ध स्त्रीने सांगितलेली कहाणी होती, हे मला ठाऊक होते, कारण ती मीच मुद्रित केली होती; ती स्त्री आता हयात नाही, आणि तिच्या घरातील मुले ती बोली बोलत नाहीत. यंत्रणेने कोणतीही चूक केलेली नव्हती. धोरण लिहिताना ‘पुन्हा न मिळणारी’ हा वर्ग कोणी केलाच नव्हता. त्यामुळे त्या वर्गात काही ठेवण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे तो वर्ग करण्यात आला व यादी मागे घेतली गेली.

या प्रसंगातून निघणारा निष्कर्ष केवळ आपल्या विभागापुरता नाही. वेगवान आणि मंद साधनांत विदा वाटणाऱ्या सर्व पद्धती एका निरीक्षणावर उभ्या आहेत : थोडी विदा पुष्कळदा लागते, पुष्कळ विदा क्वचितच लागते. शब्दांच्या बाबतीत हेच निरीक्षण जॉर्ज झिफ यांच्या नावाने आपण शिकवितो. पण त्याचबरोबर आपण हेही शिकवितो की, सर्वाधिक वेळा येणारे ‘आणि’, ‘तो’, ‘आहे’ हे शब्द सर्वांत कमी माहिती देतात, आणि संपूर्ण ग्रंथात एकदाच आलेला शब्द कधी कधी त्या ग्रंथाचा काळ व प्रांत ठरवून देतो. वारंवारता हा सोयीचा निकष आहे, मोलाचा नव्हे. वेगवान डिस्कवर काय असावे, हे ठरविण्यास तो योग्य आहे. काय असावेच, हे ठरविण्यास तो अपुरा आहे. बँकेतील २० वर्षांपूर्वीचे गहाणखत, रुग्णालयातील जुनी नोंद, आणि आपली ध्वनिमुद्रणे या बाबतीत एकाच पंक्तीत बसतात.

आता ‘आभासी’ या शब्दाकडे परत वळू. जोवर नावामागे सामर्थ्य उभे आहे, म्हणजे मागितलेली जागा मिळते, हाक मारताच विदा येते, तोवर आपला हा अनुवाद त्या व्यवस्थेवर अन्याय करणारा आहे. ती परिणामाने खरीच असते. परंतु विरळ वाटपातील साठा भरतो, किंवा नाव यादीत असून त्यामागील आशय कोणालाच ठाऊक नसतो, तेव्हा आपला शब्द अचूक ठरतो. म्हणजे हा शब्द ज्याचे वर्णन करतो ते त्या व्यवस्थेचे स्वरूप नसून तिचा धोका आहे.

सुमारे ६ दशकांच्या या वाटचालीत यंत्राने स्थानाचा भार माणसाच्या डोक्यावरून उतरविला, ही मोठीच सेवा झाली. तो भार परत घ्यावा असे कोणी सुचविणार नाही. आशयाचा भार मात्र मुळी हस्तांतरित झालेलाच नाही. तो वर्गांच्या नावांत, धोरणाच्या दोनचार ओळींत शिल्लक आहे, आणि त्या ओळी अनेकदा ज्यांना आशय ठाऊक नाही अशांकडून लिहिल्या जातात. आपल्या विभागातील संशोधक विद्यार्थी सामग्री जमवितात आणि सर्व्हरावर ठेवून निश्चिंत होतात. त्यांनी तिच्यासाठी कोणते वर्ग ठरलेले आहेत याची एकदा चौकशी करावी, आणि योग्य वर्ग नसल्यास तो करवून घ्यावा, एवढी सूचना करून हा लेख पुरा करतो.